क्वांटम मापनावरील इंग्रजी लेखनाचा इटालियन अनुवाद: नव्या अनुवादकांसाठी मार्गदर्शक

क्वांटम भौतिकीतील मापनाविषयीचा इंग्रजी मजकूर इटालियनमध्ये नेण्याचे काम पहिल्यांदा हाती घेतले, तेव्हा पारिभाषिक शब्दांची यादी तयार केली की अर्धे काम झाले, असा माझा समज होता. प्रत्यक्षात यादी आठवड्याभरात झाली आणि खरी अडचण क्रियापदांनी केली. इंग्रजी वाक्य ज्या ठिकाणी संदिग्ध राहू शकते, त्या ठिकाणी इटालियन व्याकरण अनुवादकाला निवड करायला लावते. आणि मापन हा विषयच असा आहे की त्या निवडीबरोबर भौतिकीतील एखादी भूमिकाही नकळत स्वीकारली जाते. आपल्यापैकी जे या कामात नव्याने उतरत आहेत, त्यांना ही वाट थोडी कमी चुकत चालता यावी, यासाठी पुढील टप्पे लिहिले आहेत. इटालियन शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. त्यांची वर्तणी शब्दकोशात पाहून घ्यावी.

हाताशी काय असावे

- मूळ मजकुराची अंतिम प्रत. प्रकाशनपूर्व मसुदा आणि छापील लेख यांत फरक असतो, आणि नेमकी व्याख्याच बदललेली असू शकते.
- अनुवादाच्या परवानगीचा लेखी पुरावा.
- इटालियन विद्यापीठांत शिकवले जाणारे क्वांटम यामिकीचे किमान एक पाठ्यपुस्तक, जे मुळात इटालियनमध्ये लिहिलेले असेल. अनुवादित पुस्तक दुसरा आधार म्हणून चालेल, पहिला म्हणून नको.
- एक मोठा एकभाषिक इटालियन शब्दकोश, उदाहरणार्थ त्रेक्कानी किंवा झिंगारेल्ली. भाषिक शंकांसाठी फ्लोरेन्समधील आक्कादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेची उत्तरे उपयोगी पडतात.
- शब्दनोंदीसाठी तक्ता, आणि मजकूर लांब असेल तर ओमेगाटीसारखे अनुवादस्मृती ठेवणारे साधन.
- इटालियन मातृभाषा असलेला एक भौतिकीचा वाचक. त्याच्याशी काम सुरू करण्यापूर्वीच बोलून ठेवावे.

१. आधी परवानगी घ्या

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण तो शेवटी ठेवू नका. इटलीत लेखनहक्काचा मूळ कायदा १९४१ चा, क्रमांक ६३३ चा आहे, आणि अनुवाद करण्याचा अधिकार त्यानुसार मूळ हक्कधारकाकडे असतो; संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकते. महाजालावर खुला वाचायला मिळणारा शोधनिबंध अनुवादासाठीही खुला असतोच, असे नाही. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या खुल्या संग्रहातील प्रत्येक निबंधाबरोबर त्याचा परवाना नोंदवलेला असतो, तो उघडून वाचा. केवळ श्रेयनिर्देश मागणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना अनुवादाला मुभा देतो. ज्यात साधित कृतींना मनाई आहे, तो देत नाही.

२. लेखक कोणत्या बाजूचा आहे, ते ओळखा

अनुवादाचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी संपूर्ण मजकूर एकदा फक्त एका प्रश्नासाठी वाचा: या लेखकाच्या मते मापनाच्या वेळी नेमके काय घडते? जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या चौकटीत अवस्था दोन प्रकारे बदलते. एक बदल श्रोडिंगर समीकरणानुसार, म्हणजे अवस्था काळाबरोबर कशी बदलते ते सांगणाऱ्या नियमानुसार, सलग होतो, तर दुसरा मापनाच्या वेळी एकदम होतो. ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत दुसरा बदल नाहीच. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर या इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या सिद्धांतात तरंगफलनाचा, म्हणजे अवस्थेच्या गणिती वर्णनाचा, संकोच (तो एकदम होणारा बदल) ही निसर्गात आपोआप घडणारी घटना आहे: एका कणाच्या बाबतीत सेकंदाला १०⁻¹⁶ इतक्या विरळ दराने, म्हणजे सरासरी सुमारे ३० कोटी वर्षांतून एकदा. कार्लो रोव्हेल्ली यांच्या १९९६ च्या संबंधसापेक्ष मांडणीत अवस्था नेहमी दुसऱ्या एखाद्या प्रणालीच्या संदर्भातच असते.

हे सारे लेखक 'मेझरमेंट', 'स्टेट', 'कोलॅप्स' हेच शब्द वापरतात आणि त्यांतून वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. लेखकाची भूमिका एका वाक्यात मराठीत लिहून ती तक्त्याच्या माथ्यावर ठेवावी, असे मी सुचवेन. लेखकाने मुद्दाम भूमिका घेतली नसेल, तर तेही लिहा, कारण तटस्थ मजकूर तटस्थ ठेवणे हे सर्वांत कठीण काम आहे.

३. 'मेझरमेंट'साठी दोन शब्द, आणि एक जुळा

इटालियनमध्ये 'मिझूरा' आणि 'मिझुरात्सिओने' असे दोन शब्द आहेत. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाच्या इटालियन आवृत्तीत मोजण्याच्या प्रक्रियेला 'मिझुरात्सिओने' म्हटले आहे, आणि प्रयोगशाळेतील अभियंते तो भेद पाळतात. क्वांटम भौतिकीत मात्र 'मिझूरा' रूढ आहे: मापनसमस्या म्हणजे 'प्रोब्लेमा देल्ला मिझूरा', मापनयंत्रणा म्हणजे 'आप्पारातो दी मिझूरा', दुर्बल मापन म्हणजे 'मिझूरा देबोले'. नवखा अनुवादक शब्दकोशातील काटेकोरपणा पाहून सगळीकडे 'मिझुरात्सिओने' लिहितो आणि मजकूर उपकरणाच्या माहितीपत्रकासारखा वाचला जातो.

तरीही 'मिझुरात्सिओने' हाताशी राहू द्या, कारण गणितातील 'मेझर' या संकल्पनेलाही इटालियनमध्ये 'मिझूरा'च म्हणतात. 'तेओरिया देल्ला मिझूरा' या शब्दसमूहाचा अर्थ संचांच्या मापाचा गणिती सिद्धांतही होतो आणि क्वांटम मापनाचा सिद्धांतही होतो. व्यापक मापनाचे वर्णन धन ऑपरेटर मूल्ये घेणाऱ्या 'मेझर'ने होते, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले की इटालियनमध्ये एकाच ओळीत दोन 'मिझूरा' येतात आणि वाचक अडखळतो. अशा परिच्छेदापुरते भौतिक कृतीसाठी 'मिझुरात्सिओने' आणि गणिती वस्तूसाठी 'मिझूरा' वापरावे, आणि पहिल्या ठिकाणी एका वाक्यात तसे सांगावे.

जॉन बेल यांनी १९९० मध्ये 'मेझरमेंट' या शब्दावरच आक्षेप घेतला होता. आधीपासून असलेले मूल्य केवळ वाचून घेतले, असा भास तो शब्द निर्माण करतो, हे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा ज्या मजकुरात येतो, तिथे 'मिझूरा'च ठेवा. तो शब्द इटालियनमध्येही तोच भास निर्माण करतो, त्यामुळे बेल यांचा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहतो.

४. उरलेली परिभाषा आणि तिच्यातील खड्डे

बरीचशी परिभाषा सरळ आहे. आइगेनमूल्य 'आउतोव्हालोरे', आइगेनअवस्था 'आउतोस्तातो', घनता-मॅट्रिक्स 'मात्रीचे देन्सिता', तेही मध्ये कोणतेही शब्दयोगी अव्यय न घालता. 'एन्टँगलमेंट' (कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतणे) हा शब्द इटालियन भौतिकीत इंग्रजीच राहिला आहे. त्याला देशी रूप देण्याचा मोह टाळा, आणि अशा आयात शब्दांना अनेकवचनी प्रत्यय लावू नका. पुढील शब्द मात्र सावकाश वाचावेत.

'क्वांटम' या विशेषणासाठी 'क्वान्तीस्तिको' हे रूप वापरावे: क्वांटम यामिकी, क्वांटम अवस्था, क्वांटम मापन. 'क्वान्तिको' हे रूप 'नूमेरो क्वान्तिको', म्हणजे क्वांटम अंक, अशा काही ठरलेल्या जोड्यांत टिकून आहे. दोन्ही सरसकट अदलाबदल करून वापरल्यास जाणकार वाचकाचा विश्वास पहिल्याच पानावर उडतो.

हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या तत्त्वाला इंग्रजीत 'अन्सर्टन्टी' म्हणतात, इटालियनमध्ये 'प्रिन्चीपियो दी इन्देतेर्मिनात्सिओने'. 'इन्चेर्तेत्सा' म्हणजे प्रयोगातील मापनाची अनिश्चितता, उपकरणाच्या मर्यादेमुळे येणारी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी थांबून विचारावे लागते: येथे निसर्गाचा अनिर्धार अभिप्रेत आहे की प्रयोग करणाऱ्याला न कळलेले काही? एकाच परिच्छेदात दोन्ही येतात, तेव्हा इटालियन वाचकाला मूळ इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्टता देता येते. मला हा या कामातील मोठा आनंद वाटतो.

'सुपरपोझिशन' म्हणजे 'सोव्राप्पोझित्सिओने', हे सर्वांना माहीत असते. पण दोन अवस्थांच्या 'ओव्हरलॅप'साठीही सामान्य इटालियन शब्द तोच आहे. एका जागी दोन्ही संकल्पना आल्या, तर दुसऱ्या संकल्पनेसाठी 'प्रोदोत्तो स्कालारे', म्हणजे अदिश गुणाकार, असे लिहावे. गणिती दृष्ट्या तेच सांगायचे असते.

'कन्सिस्टंट' या इंग्रजी शब्दाला इटालियनमध्ये 'कोएरेन्ते' म्हणतात, कारण 'कोन्सिस्तेन्ते'चा रोजचा अर्थ भरीव किंवा मोठ्या प्रमाणातील असा आहे. मात्र प्रकाशाच्या सुसंगत अवस्था आणि ती सुसंगती नाहीशी होणे, म्हणजे 'देकोएरेन्त्सा', या संकल्पनाही त्याच मुळापासून आल्या आहेत. 'हे वर्णन तर्काशी सुसंगत आहे' असे सांगायचे असताना 'कोएरेन्ते' लिहिले आणि शेजारीच तरंगांची सुसंगती आली, तर वाचक दोन्हींचा संबंध जोडेल. अशा ठिकाणी 'विरोधमुक्त' या अर्थाची रचना करावी. 'डिस्टर्बन्स'चेही तसेच आहे. त्यासाठी 'पेर्तुर्बात्सिओने' योग्य शब्द आहे, पण आसन्नमानाच्या गणिती पद्धतीलाही तेच नाव असल्याने, दोन्ही एकत्र आल्यास मापनाने होणाऱ्या ढवळाढवळीसाठी 'दिस्तुर्बो' वापरता येतो.

सर्वांत घातक जोडी 'काझुआले' आणि 'काउझाले' ही आहे. पहिल्याचा अर्थ यादृच्छिक, दुसऱ्याचा कारणात्मक. लिहिताना केवळ दोन अक्षरांची जागा बदलते, दोन्ही शब्द शुद्ध असल्याने वर्तणी तपासणारे साधन गप्प राहते, आणि मापनाचा परिणाम यादृच्छिक असतो हे वाक्य नेमके उलटे होऊन छापले जाते. काम संपल्यावर हे दोन शब्द शोधून एकेक ठिकाण डोळ्यांनी तपासा. डिटेक्टरच्या बाबतीतही अशीच अदलाबदल होते. कण टिपणारे उपकरण भौतिकीत 'रिव्हेलातोरे' असते, तर 'रिलेव्हातोरे' धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारख्या वस्तूंना शोभतो.

फसव्या मित्रांपैकी, म्हणजे दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांपैकी, तीन सतत भेटतात. 'इव्हेंच्युअली' म्हणजे अखेरीस. 'एव्हेन्तुआल्मेन्ते' म्हणजे गरज पडल्यास. 'अॅक्च्युअली' म्हणजे वास्तविक. 'अत्तुआल्मेन्ते' म्हणजे सध्या. 'बिलियन' म्हणजे १०⁹, त्याला 'मिलियार्दो' म्हणतात. 'बिलिओने' म्हणजे १०¹².

५. क्रियापद: येथेच भूमिका ठरते

निरीक्षक 'कोलॅप्सेस' तरंगफलन, असे इंग्रजीत सकर्मक लिहिता येते आणि तरंगफलन 'कोलॅप्सेस' असे अकर्मकही लिहिता येते; क्रियापद तेच राहते. इटालियन 'कोल्लास्सारे' अकर्मक आहे. निरीक्षकाला कर्ता करायचे, तर 'फा कोल्लास्सारे', म्हणजे कोसळायला लावतो, असे लिहावे लागते. मराठी भाषकाला हा फरक सहज कळावा, कारण 'कोसळते' आणि 'कोसळवतो' हे आपल्याकडेही वेगळे आहेत. धोका असा की इंग्रजीत सैलपणे लिहिलेले सकर्मक वाक्य इटालियनमध्ये निरीक्षकाला ठाम कारण ठरवते. लेखक खरोखर तसे मानतो का, हे दुसऱ्या टप्प्यातील नोंदीवरून पाहा. मानत नसेल, तर 'मापनाच्या वेळी तरंगफलन कोसळते' अशी रचना करा. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांच्या सिद्धांतावरील मजकुरात तर प्रेरक रूप सहसा नकोच, कारण तिथे कोसळण्यासाठी कोणी निरीक्षक लागत नाही. 'कोल्लास्सो'ऐवजी 'रिदुत्सिओने', म्हणजे संकोच, हा जुना शब्दही उपलब्ध आहे. माझ्या कानाला तो कमी नाट्यमय वाटतो, आणि संकोचाला केवळ गणनेचा नियम मानणाऱ्या लेखकासाठी मी तो निवडतो.

कर्मणी प्रयोगात दुसरा फाटा फुटतो. 'इज मेझर्ड' हे इंग्रजी रूप घटनाही दाखवते आणि घटनेनंतरची स्थितीही दाखवते. इटालियनमध्ये 'व्हिएने मिझुरातो' म्हणजे मोजले जाते, घटना म्हणून. 'ए मिझुरातो' या रूपाचा अर्थ मोजलेले आहे असाही होतो. मापनापूर्वी आणि मापनानंतर या भेदावरच ज्या विषयाचा डोलारा उभा आहे, त्यात घटनेसाठी 'व्हिएने' वापरण्याची सवय लावून घ्या. 'सी मिझूरा' ही तिसरी रचना कर्त्याला पूर्ण झाकते. नियम सांगताना ती उत्तम आहे. मात्र प्रयोग कोणी केला, हे महत्त्वाचे असताना ती वापरू नये. दोन निरीक्षकांच्या विचारप्रयोगात, जिथे एकाने मोजले आहे आणि दुसऱ्याला ते ठाऊक नाही, तिथे कर्ता झाकला गेला की युक्तिवादच नाहीसा होतो.

मग येतो 'वुड'. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा १९३५ चा युक्तिवाद असो की बेल यांचा १९६४ चा, त्यांवरील लेखनात 'आपण दुसऱ्या दिशेने स्पिन (कणाचा एक अंगभूत गुणधर्म) मोजला असता, तर अमुक मिळाले असते' अशी वाक्ये कणा असतात. इटालियनमध्ये अशा न घडलेल्या गोष्टीसाठी अटीच्या भागात कोन्जुन्तिव्होचे (मत, शंका किंवा कल्पना दाखवणाऱ्या क्रियापदाच्या प्रकाराचे) पूर्णभूत रूप आणि परिणामाच्या भागात कोन्दित्सिओनालेचे (अटीवर अवलंबून असलेली गोष्ट दाखवणाऱ्या प्रकाराचे) भूत रूप येते, आणि ही जोडी सोडता येत नाही. बोलीत चालणारे अपूर्णभूताचे सोपे रूप वापरले, तर न केलेले मापन केल्यासारखे वाचले जाण्याचा धोका असतो. आणि न केलेल्या मापनाला परिणाम असतो का, हाच तर वादाचा विषय आहे.

उलट दिशेचा सापळाही आहे. एखाद्या सिद्धांतानुसार तरंगफलन 'वुड कोलॅप्स', असे इंग्रजी लेखक केवळ गृहीतकाचा परिणाम म्हणून लिहितो. त्याचे थेट कोन्दित्सिओनाले केले, तर इटालियन वाचकाला, विशेषतः वृत्तपत्री भाषेची सवय असलेल्याला, त्यात आपल्या 'म्हणे'ची छटा ऐकू येते: कोसळते म्हणे, लेखकाची खात्री नाही. तेथे साधा वर्तमानकाळ बहुधा अधिक प्रामाणिक ठरतो.

मतांचे वृत्तांत देताना क्रियापदाप्रमाणे अर्थ बदलतो. 'दिमोस्त्रारे', म्हणजे सिद्ध करणे, याच्यामागे इन्दिकातिव्हो, म्हणजे वस्तुस्थिती सांगणारे साधे रूप, येतो. 'रितेनेरे', म्हणजे मानणे, याच्यामागे कोन्जुन्तिव्हो. बेल यांनी सिद्ध केले आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर मानत होते, या दोन वाक्यांतील फरक इटालियन वाचक क्रियापदाच्या रूपावरूनच ओळखतो. इंग्रजीतील 'आर्ग्यूड' या शब्दासाठी 'सोस्तेनेरे' सोयीचा आहे. त्याच्यामागे दोन्ही रूपे येऊ शकतात, म्हणून ते विचार करून ठरवा.

उपपदांचा एक मुद्दा आम्हा मराठी भाषकांना विशेष लागू आहे, कारण आपल्याकडे उपपदेच नाहीत. उपपदाविना 'मेझरमेंट' आणि 'द मेझरमेंट' यांत इंग्रजीत फरक आहे: पहिले सामान्य मापन, दुसरे आत्ताच वर्णन केलेले. इटालियनमध्ये दोन्ही 'ला मिझूरा' होतात. विशिष्ट मापन सांगायचे असेल, तर 'हे मापन' असे दर्शक विशेषण घाला. नाहीतर एका प्रयोगाबद्दलचे विधान सर्व मापनांविषयीचा नियम बनते.

६. अवतरणे मूळ भाषेत शोधा

या विषयावरील इंग्रजी लेखनात आढळणारी कितीतरी प्रसिद्ध वाक्ये मुळात जर्मन आहेत. दूर अंतरावरील प्रभावाबद्दलचे आइन्स्टाइन यांचे गाजलेले शब्द १९४७ मध्ये माक्स बोर्न यांना लिहिलेल्या पत्रातील आहेत, आणि ते जर्मनमध्ये आहेत. इंग्रजीवरून इटालियन केले, तर अनुवादाचा अनुवाद होतो आणि विशेषणाची छटा दोनदा बदलते. फॉन नॉयमन यांचा ग्रंथही १९३२ मध्ये जर्मनमध्ये आला, इंग्रजी अनुवाद १९५५ चा. अधिकृत इटालियन अनुवाद उपलब्ध असेल तर तो घ्यावा आणि अनुवादकाचे नाव द्यावे. नसेल तर जर्मन जाणणाऱ्याकडून मूळ वाक्य समजून घ्यावे.

७. अंक, सूत्रे आणि खुणा

इटालियनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात: प्लांकच्या स्थिरांकाचा अंकभाग ६.६२६ असा न लिहिता ६,६२६ असा लिहायचा. लेटेक या सूत्रे जुळवण्याच्या साधनात काम करत असाल, तर गणिती ओळीतील स्वल्पविरामानंतर नको असलेली मोकळी जागा पडते. आयकॉमा हे पॅकेज ती काढते. भाषेचे नियम सांभाळणाऱ्या बेबेल या पॅकेजला इटालियन पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर शब्द इंग्रजी नियमाने तुटतात. शीर्षकात फक्त पहिले अक्षर मोठे ठेवावे, आणि सूत्रांतील चिन्हे मूळ लेखकाचीच ठेवावीत.

८. दोन वाचने, दोन वाचक

पहिले वाचन इंग्रजी बाजूला ठेवून, मोठ्याने करा. जिथे वाक्य समजण्यासाठी मूळ पाहावे लागते, तिथे खूण करा. बहुतेक खुणा पाचव्या टप्प्यातील क्रियापदांवरच पडतील. दुसरे वाचन इटालियन भौतिकीच्या वाचकाकडून करून घ्या, पण 'कसे वाटले' असे विचारू नका. त्याला तीन प्रश्न लेखी द्या: या लेखकाच्या मते संकोच ही प्रत्यक्ष घटना आहे का, मापनापूर्वी मूल्य अस्तित्वात असते असे तो मानतो का, आणि निरीक्षकाला तो कोणते स्थान देतो. माझ्या पहिल्या कामात या वाचकाने दुसऱ्या प्रश्नाला होकार दिला होता, आणि मूळ लेखकाचे म्हणणे नेमके उलटे होते. शोध घेतल्यावर दोष एका शब्दाचा निघाला: परिणाम 'मिळतो' या अर्थाच्या क्रियापदाजागी मी 'उघड होतो' या अर्थाचे क्रियापद चार ठिकाणी वापरले होते. ती चार वाक्ये दुरुस्त करून प्रत पुन्हा, या वेळी मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या वाचकाकडे पाठवली. त्याची उत्तरे तक्त्याच्या माथ्यावरील त्या एका मराठी वाक्याशी जुळली, तेव्हाच प्रत प्रकाशकाकडे दिली.